सिद्रामअण्णांचा श्वास

बेळगावात हृदयाच्या दवाखान्यात बाकावर दोघी बसल्या होत्या, वडगावच्या जयवंताआक्का आणि पिरनवाडीच्या मालुबाई. मी शेजारीच होतो.

"आक्का, मालकांस्नी काय झालंय?"

"घोरता घोरता मधीच श्वास थांबायचा. दिवसा मागावर बसल्या बसल्या पेंगायचे, पाय सुजायचे. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास अडकतोय, त्याचा ताण हृदयावर पडलाय."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"घोरणं थांबलं की मला जाग यायची. खांदा हलवला की श्वास घ्यायचे. सकाळी सांगितलं तर म्हणायचे, तुला भास होतोय. मग मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला नि डॉक्टरांस्नी ऐकवला."

"लई धीराच्या बाई तुम्ही! आता कसं हाय?"

"नाकावर मास्क लावून मशीनची हवा घेत झोपतात. आज पुन्हा तपासायला आणलंय."

तेवढ्यात दार उघडलं. सिद्रामअण्णा हसतच बाहेर आले.

"जयवंता, हृदय लई सुधारलंय म्हणाले!"

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

अण्णा म्हणाले, "मी डॉक्टरांस्नी म्हटलं, माझं झालं, आता हिला तपासा. वर्षभर माझा श्वास राखत बसलीया, एक रात नीट झोपली न्हाय."

"मला काय झालंय?"

"ते डॉक्टर सांगतील. ऊठ, आज मी बाहेर बसतो."