खाडीची बंदी आणि आमच्या शेळ्या

समुद्रकाठची माणसं आमच्या कोरडवाहू गावात काय शिकायला येत असतील, सांगा बरं? पाणलोटाचं काम बघायला परदेशी पाहुणे आले होते. त्यातली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची अमिना आमच्या घरी उतरली. मासे अंडी घालतात त्या हंगामात खाडीत जाळी टाकू नका, असं ती तिकडच्या कोळ्यांना सांगायची, पण कोणी ऐकत नव्हतं. दुभाष्या ताईंमार्फत तिनं माझ्या सासूबाईंना विचारलं, "तुमच्या गावानं चराईबंदी कशी मानली?"

"सरपंच माझाच धाकटा दीर. त्यानं आधी आमच्याच घरच्या शेळ्या इकायला लावल्या. वरीसभर मी त्याच्याशी बोलले न्हाई! पन मग गावाला बोलायला तोंडच ऱ्हायलं न्हाई. तुझ्या घरात कोन मासे धरतं, पोरी?"

"भाऊ."

"त्याची होडी बंद हाय का?"

अमिनानं मान खाली घातली. "त्याची लेकरं लहान आहेत."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. "रुसंल गं तो. माझा बी रुसवा गेलाच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिनानं आमच्या अंगणातूनच भावाला फोन लावला आणि होडी वर ओढून ठेवायला सांगितलं.