बुद्धाच्या कपाळावरची आठी

हसाल तर चहा मिळणार न्हाय, आधीच सांगतो. आपल्या विहारासाठी मी शाडूच्या मातीचा बुद्ध करायला घेतला. बसलेला, माझ्या छातीयेवढा उंच. शिकवलंय कुणी मला? नुसती हौस. अंग बरं जमलं, पण तोंडाशी येऊन अडलो. भुवया कशा वळतात ते दाढीच्या आरशात माझंच थोबाड बघून केलं.

बायको आली, मूर्तीभोवती फिरून बघाया लागली. मी म्हटलं, "बोल की!"

"अवो, बुद्ध रागावल्यात."

बघतो तर खरंच, कपाळाला आठी! पुसली, आरशात बघून नव्यानं केलं, परत आली. दुपारभर तेच. माती सुकत चाललेली, आन् संध्याकाळी विहारातल्या बाया बघाया येनार. त्यांना न्हाय पटली तर मूर्ती परत चिखलात.

आल्या. त्यातली माझी म्हातारी आत्या जवळ जाऊन लय येळ बघत ऱ्हायली. मी वरडलोच, "आत्ये, आठी दिसते ना? सांग, आत्ता मोडतो!"

तिनं हात जोडलं. "ऱ्हाऊ दे रं. राग आलाय, तरी कसा शांत बसलाय बघ. तू येवढंच शिक."