पांढरा पडलेला व्हॉल्व्ह

मुलुंडच्या दवाखान्यात कुंदा नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर पन्नाशीतले दोन मित्र होते. त्यातल्या एकाने रुमालात गुंडाळलेला, जुन्या रेडिओ-टीव्हीत असायचा तसला बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह अलगद बाहेर काढला.

"बघ नंदकिशोर! मुंबईत टीव्ही सुरू झाला ना, तेव्हाच्या स्टुडिओतला. गोरेगावच्या इंजिनिअरसाहेबांनी दिला."

"तुला दिला? बाळ, कधीपासून मी त्यांच्याकडे खेपा घालतोय! माझ्या कपाटात तेवढा हाच नाही."

"त्यांचा मिक्सर दुरुस्त करून दिला, तर म्हणाले, घेऊन जा."

"मिक्सर! वा. आण इकडे."

"सांभाळून हं."

"मला शिकवतोस? अरेरे, याची तर वाट लागलीय."

"काय झालं रे?"

"आत हवा शिरलीय. चांगल्या व्हॉल्व्हचा माथा आतून आरशासारखा चकाकतो. हा बघ, पांढराफटक पडलाय."

कुंदाने वळून पाहिलं. नंदकिशोरच्या बोटांमधून व्हॉल्व्हचा माथा लख्ख चकाकत होता.

"माझा चष्मा घरी राहिला यार. खरंच पांढरा आहे?"

"मग खोटं सांगतोय का मी?"

"म्हणजे फेकूनच द्यायचा?"

"फेकतोस कशाला? पडून राहील माझ्याकडे."

कुंदाला राहवेना. "अहो, चकाकतोय की तो!"

"उजेडामुळे वाटतं तसं, बाई."

"ताई, तुम्ही नका त्यात पडू. याला सगळं कळतं त्यातलं," बाळ म्हणाला. "घे रे, रुमालासकट ने. वाटेत फुटायला नको."