पंचाची राखण

आता तुम्हीच सांगा, उरुग्वे कुठं आणि आमचं मेडशी कुठं! पण त्या एवढ्याशा देशापायी माझ्या भावाचं कंबरडं मोडायची वेळ आली होती.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. आमचे हे मालेगावच्या शाळेत मास्तर, आणि बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच. सकाळी त्यांनी पेपर वाचून दाखवला. ऑलिंपिकात उरुग्वेचा संघ एक सामना हरला, तर खेळाडूंनी पंचालाच लाथा घातल्या. एवढं करून तिसरा नंबरही मिळवला!

मामाजींचा चहा बशीतच राहिला. "पंचाले मारलं? मंग आज तू एकटा नोको जाऊ. मी येतो."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुने पहिलवान.

सामना आमच्या मेडशीचा आसेगावशी, म्हणजे माझ्या माहेराशी. आम्ही बाया गावातल्या शाळेच्या ओसरीवर बसलो. खेळता खेळता माझ्या भावाचा धक्का कुणाला तरी लागला. ह्यांनी शिट्टी फुंकली, आणि भावानं ह्यांच्या पुढ्यातच हात वर केला. मामाजी धावत गेले, त्याला कमरेत धरलं आणि आपटलं! लग्नात फेट्यात पाहिलेला पोरगा चड्डी-बनियनात ओळखू कसा येणार?

मी पदर विसरून ओरडले, "मामाजी, भाऊ हाये तो माझा!"

"मंग यानं पंचावर हात कायले उगारला?"

"उगारला नाही, बाबा," हे रडवेले झाले. "चूक झाली का हात वर करून कबूल करा लागते. नियमच हाये."

मामाजी भावाला सोडून ह्यांच्याकडे वळले.

"कबूल? साऱ्या गावासमोर? असं शिकवून राह्यला तू पोरायले?"