आण्णानं शेकलेला ड्रम

मंडळी, पावणं, बसा की. मागं उभं ऱ्हाऊ नगासा, तालमीत जागा हाय. मला बोलता येत न्हाय. हयातभर मी मागं बसून ड्रम वाजीवला, म्होरचा माईक कायम दुसऱ्याच्या हातात. आज तुमी त्यो माझ्या हातात दिलाय.

दिनकरआण्णा गेला. आमच्या ऑर्केस्ट्रातला हलगीवाला दिनकरआण्णा. त्याची हलगी तुमी समद्यांनी ऐकलीय. पर माझा जुना ड्रमसेट त्यानं कसा जगवला, ते सांगतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. लग्नात वाजवणारा एक बँड मोडला, तवा त्यांचा ड्रमसेट मी घेतला. लाल, विलायती, वयानं माझ्यापेक्षा मोठा. शाहूपुरीतनं हातगाड्यावर घालून आणला, तर आण्णा त्याला हात लावून संगट चालत आलता. जणू नवरीच आणतोय.

मुरगूडला गणपतीत प्रोग्राम हुता. झिमझिम पाऊस. मी च्या प्यायला गेलतो. आण्णाला वाटलं, दमट हवेनं ड्रमचं कातडं सैल पडलं असंल. त्यानं कागद पेटवला आन् हलगी शेकत्यात तसा माझा ड्रम शेकला! प्लास्टिकच ते. भोकच पडलं. मी बोंबललो, "आण्णा, कातडं न्हवं ते!" तर म्हणतोय कसा, "मग आदी सांगायचं न्हवतं व्हय?"

हसा. हसा की. त्याला बी आवडलं असतं.

त्या मापाचं पान, म्हंजे ड्रमवरचा पडदा, कोल्हापुरात मिळंना. मग आण्णानं बकऱ्याचं कातडं आणलं, भिजवलं, ताणून बसवलं. विलायती ड्रम, आन् कातडं उचगावचं! असा घुमला, लोकं वळून बघायची. तवापासनं दर प्रोग्रामच्या आदी आण्णा शेकायचा, मी वाजवायचो. शेक किती द्यायचा, ते मी शिकलोच न्हाय. कशाला शिकू? आण्णा हुता की.

मग विजेवर वाजणारं पॅड आलं. डीजे आलं. ऑर्केस्ट्रा बंद पडला. आता एका हॉटेलवाल्याला माझा ड्रमसेट पायजे. वाजवायला न्हवं, शोभेला! दारात ठेवणार, कुंडीवानी. आण्णा दवाखान्यात खाटंवर पडून म्हणला, "मी हाय तवर इकायचा न्हाय. कळलं?" मी म्हणलो, व्हय. "मोठ्यानं बोल." मी मोठ्यानं बोललो.

उद्या हॉटेलवाला टेम्पो घेऊन येतोय. मंडळी, काय करू मी? आज सकाळी कागद पेटवला. शेकला. वाजवला, तर ठप्प. पुन्हा शेकला. पुन्हा ठप्प. मला येत न्हाय वो! एवढी वर्सं शेजारी बसलो, आन् मला येत न्हाय!

घरात पोरींची शिक्षणं हायत, हाताला काम न्हाय. मघाशी आण्णाच्या घरच्यांच्या, ह्या आमच्या वैनींच्या पाया पडलो. म्हणलो, वैनी, तुमी तरी नको म्हणा. एकदा म्हणा, टेम्पो माघारी धाडतो. वैनी रडत म्हणल्या, "इका भावजी. पोरींकडं बघा."

मला कुणीतरी नको म्हणाय पायजे हुतं. नको म्हणणारा एकच हुता. त्याला परवा आपण नदीवर पोचवून आलो.

उठा मंडळी. उभं ऱ्हावा. कुणी काय बोलू नगा, घटकाभर गप ऱ्हाऊया.

आण्णा, उद्या टेम्पो आला की मी दार उघडणार हाय. राम राम घे बाबा.