सुनेची शिंक

मंडळी, मला एक सांगा. शिंक येणं हे पाप आहे का? नाही ना? मग कुणी शिंकलं की त्याच्याकडं असं का बघता, जसं काही त्यानं तुमच्या ताटातला लाडू पळवला?

ऐका तर. एका गावात होती ताराक्का. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक! तिची सून उज्ज्वला. पावसाळा निम्मा सरला, परड्यात गाजरगवत फुललं, की पोरीच्या शिंका सुरू. डोळे लाल, नाक गळतंय. ताराक्काचं औषध काय? "अंगात आळस साचलाय. घाम गाळ, सर्दी पळेल." म्हणून रोज सकाळी तेच गाजरगवत उपटायला लावायची. वा गं वैद्यबाई!

बरं, गौर उंबऱ्यातून आत यायला आणि सून शिंकायला एकच गाठ. अपशकुन! "गौरी जाईस्तोवर पुढं दिसू नकोस." घरात सवाष्णींचं हळदीकुंकू, आणि घरची लक्ष्मी मागच्या पडवीत. दरवर्षी हेच.

यंदा श्रावणातच तिला दम लागला. नवरा कामाला परगावी. मग काय, सासूच घेऊन गेली तालुक्याला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नाक तपासलं. "ही सर्दी नव्हे आजी, गवताच्या परागांची ॲलर्जी. नाकात रोज मारायचा फवारा देते. पुढच्या वर्षी गवत फुलायच्या आधीच सुरू करा. शिंका फार झाल्या तर गोळी. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. एवढ्यानं भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, पण ती काही वर्षं घ्यावी लागतात. पुन्हा दम लागला तर मात्र लगेच यायचं." मग हातावरचे चट्टे दिसले. "गाजरगवत उपटता? कुणी लावलं हे काम?"

ताराक्काला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

सून खाली बघत म्हणाली, "मीच जाते. कुणी सांगत नाही."

मंडळी, सुनेनं गाऱ्हाणं केलं असतं तर ताराक्का भांडली असती. भांडणात ती कुणाला हार जायची नाही. पण या खोट्यापुढं काय बोलणार? एसटीत सुनेशेजारी बसली, पण सुनेकडं बघवेना. इतकी लाज त्या बाईला जन्मात वाटली नव्हती.

गौरी आल्या. ताराक्कानं गौर सुनेच्या हातात दिली. "आत्या, शिंक आली तर?" "येऊ दे." आणि आलीच, ऐन उंबऱ्यात. बाया थबकल्या. ताराक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "हिला मी आजारी पाडलं, आणि वर मीच कोपऱ्यात बसवलं. अपशकुन असेल तर तो माझा. तू आत ये, बाई."

आता माना खाली का गेल्या? तुमच्याही मागच्या पडवीत कुणीतरी बसलंय, होय ना? टाळ्या नकोत मला. घरी जा, आधी त्या माणसाची माफी मागा. नाम मागाहून घेतलंत तरी विठ्ठल रागावणार नाही.