धुक्यात दिवा कवा लावाचा

...चावी माह्यापाशीच राहीन, समजलं? असा टकमक पाहू नोको. तू माह्या टपरीवर चहा सांगितला, टेबलावर चावी ठेवली अन् तोंड धुवाले गेला — मी उचलली. आता ते माह्या कमरेले खोचली हाये, अन् या बाईच्या कमरेले न इचारता हात लावाची हिंमत अजून तिच्या नवऱ्यानंही केली नाही. बस खाली. धुकं उठू दे, मंग देतो.

हो, मालूम हाये, उशीर होऊन राह्यला. यवतमाळले पोरगी पाहाले चालला तू, माय मांगच्या सीटवर घोरून राह्यली, तिकडं पोरीवाले पोहे भिजवून बसले असतीन. बसू दे. पोहे थंडे झाले त गरम करता येते. तू थंडा झाला त कोण गरम करन तुले?

तुही गाडी त्या वळणावर दिसली तवाच मी म्हटलं, आला एक बैताड. चारही इंडिकेटर टकटक करून राह्यले, अप्पर मारलेला, खाली फॉगलाइट, काचेवर निळी पट्टी — गाडी हाये का वरात? अरे, चारही इंडिकेटर उभ्या गाडीचे असते. चालत्या गाडीचे लावले त मांगच्याले वाटते हा उभा हाये, अन् तू खरंच वळला त त्याले कसं समजन? त्याले काय सपन पडन? अन् धुक्यात अप्पर कायले मारते? अप्परचा उजेड धुक्यावर आपटते अन् फिरून तुह्याच डोयात येते. समोर पांढरी भिताड. जेवढा जास्त उजेड तेवढा तू जास्त आंधळा. डिप्पर ठेवाचा अन् संगं फॉगलाइट — तो खालून सरपटत जाते, रस्त्याच्या कडेची पट्टी दाखवते, तिच्या भरोशावर हळूहळू जाचं. इतकं सोपं हाये. इतकंच कोणाले समजत नाही.

काय म्हणते? फॉगलाइट तू सदाच चालू ठेवतो? छान दिसते म्हणून? अरे, ते नथ हाये का? अन् नथ तरी बाई कुठं रोज घालते! मी चवथी शिकली, पण हे मले पाठ हाये, ऐक. ते बाभूळ दिसते? तिच्यापाशी इजेचा खांब हाये, तो एक. त्याच्या पुढं दुसरा हाये. दिसते का? नाही दिसत. दुसरा खांब दिसत नसन त लाव, दिसाले लागला का बंद कर. बस. मोकळ्या हवेत लावला त समोरच्याच्या डोयात तिखट टाकल्यासारखं होते. अन् मांगचा फॉगचा मोठा लाल दिवा चालू राह्यला त मांगच्याले तू ब्रेक मारला का नाही हेच ओयखू येत नाही.

कोणं शिकवलं? रहमत मिस्त्रीनं. पांढरकवड्याले गॅरेज हाये त्याचं. गिऱ्हाईक होता म्हणून नाही शिकवलं बाप्पा — दवाखान्यात शिकवलं, माह्या नवऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून. धम्मरत्न माहा नवरा. घेतो मी नाव, काय जीभ झडून पडते? तीन वर्सं झाले त्या अपघाताले. पौषातलं असंच धुकं, अशीच सकाळ, सात वाजले असतीन. ट्रॅक्टर धम्मरत्न चालवून राह्यला, मांगं ट्रॉलीत आमचा कापूस, जिनिंगवर लवकर पोहोचलं का नंबर लवकर लागते म्हणून निंगालो. अन् मी? मी वर कापसावर बसली महाराणीवानी. मांगून एक पोट्टा आला गाडी घेऊन, अप्पर मारलेला, त्याले समोर काहीच दिसलं नाही, ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळला. मी कापसातून कापसात पडली, मले खरचटलं बी नाही, पण धम्मरत्न सीटवरून खाली अन् ट्रॉलीचं चाक पायावरून. आता काठी घेऊन चालते. रागावला का तेच काठी मले दाखवते, मारत नाही — मारून पाहावं त्यानं.

तो पोट्टा म्हणजे रहमतचाच पोरगा, जमीर. बाप डबा घेऊन दवाखान्यात आला, बायकोनं रांधून देल्ला होता. म्हणे, "भाभी, माह्या पोराचीच गलती हाये. अप्पर मारला त्यानं. मी मिस्त्री असून घरच्या पोराले हे शिकवलं नाही." अन् मंग शरमेनं का काय, मलेच शिकवत बसला — अप्पर, डिप्पर, खांब, सारं. मी मुंडी हलवत राह्यली. त्याच्या डब्यातली भाजी खाल्ली. तवापासून धुक्याच्या दिवसात इथं जो थांबते त्याले मी सांगतो. चावी मात्र सगळ्याइची नाही घेत, ज्याले अक्कल कमी दिसते त्याचीच घेतो.

हो हो, पोराचीच गलती, तूही तेच म्हण. अख्खं गाव म्हणते. पोलिसानं पंचनाम्यात लिहिलं का ट्रॉलीचा मांगचा लाल दिवा चालू होता. उजवा फुटला होता, डावा जळून राह्यला होता, त्यानं आपल्या डोयानं पाह्यला. खरंच जळत होता. त्यानं पाह्यला तवा जळतच होता...

काय पाह्यतं माह्या तोंडाकडं? चहा पी.

आता तुले कापूसवाल्याइचं काय मालूम म्हणा. ट्रॉलीत कापूस गच्च दाबून भरला, वरून अजून रचला, का मांगच्या फळीवरून तो लोंबते, हवेनं उडते, रस्ताभर पांढरा सडा. मंग आम्ही मांगून लुगडं, चादर, जे सापडन ते बांधतो. सारेच बांधतात! मी बी बांधली. घरची पांढरी चादर, वरून खालपर्यंत, चारही गाठी ह्या हातानं मारल्या. गाठ मारताना धम्मरत्न म्हणे, "अवं, दिव्यावर येऊन राह्यली." मी म्हटलं, "कापूस सांडला त दिवा चाटसान का?" झालं. पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या चादरीची ट्रॉली. डिप्परवर असता तरी त्या पोराले काय दिसलं असतं, त्याच्या बापाचं कपाळ?

मंग धम्मरत्न खाली पडला, पायातून रगताची धार, बांधाले काही नाही — मी तेच चादर खसकन ओढली अन् त्याच्या पायाले गुंडाळली. म्हणून पोलिस आला तवा दिवा उघडा होता. मी लपवाले नाही काढली, समजलं? नवरा मरून राह्यला होता माहा. अन् मी खोटं बी बोलली नाही. मले कोणी इचारलंच नाही का चादर कुठून आणली! रहमतनं बी नाही इचारलं, अन् तो त मिस्त्री हाये, ट्रॉली पाहूनच दवाखान्यात आला होता, त्यानं तिच्या कडीत अडकलेली गाठ पाह्यलीच असन. पाह्यली अन् डबा उघडून म्हणे, "भाभी, खाऊन घ्या."

जमीरचं एसटीत डायवर म्हणून नाव लागलं होतं. ह्या केसपाई अडकलं. निकाल त्याच्या इरुद्ध गेला त गेलीच नोकरी. अन् आज अकरा वाजता कोर्टात माही साक्ष हाये. आज इचारतीन. धम्मरत्ननं आठ दिवस झाले पाठ करून घेतलं माह्याकडून — "लाल दिवा चालू होता, एवढंच म्हणजो." चालूच होता ना! चादरीच्या आत चालू होता. मी म्हटलं, अन् चादरीचं? तर म्हणे, "माहा पाय त्याच्यात गेला, आता वरून गुन्हेगारही आपणच होवाचं काय?" अन् त्याचं बी काय चुकलं सांग. पाय त्याचाच गेला. गाठ माही होती.

हे मी तुले कायले सांगून राह्यली? तीन वर्सात कोणाले सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीले नाही. तू कोण? पोहे खाले चाललेला बैताड.

नाही, बस. उठू नोको. हे घे चावी, पण बस दोन मिनिटं. ते लुना आली पाह्य, आवाज येते का? धम्मरत्नच हाये, मले न्याले आला. थांब. परक्यासमोर एकदा तोंडातून निंगालं हाये, आता घरच्यासमोर निंगन.

अवो, या. बसा. पाय लांब करा. हा बाबू इथंच बसला हाये, याले मी आत्ताच सांगितलं का त्या दिवशी चादर मीनं बांधली होती, दिव्यावरून. अन् अकरा वाजता साहेबाले बी हेच सांगणार हाओ. काठी खाली ठेवा पह्यले. ठेवा म्हणतो ना! पाय तुमचा गेला, मालूम हाये मले, रोज रात्री तेल मीच लावतो त्याले — पण त्या पोराचे दोन्ही हात मी बांधून ठेवले त्याचं काय? बोला.

तू निंग रे बाबू. निंग म्हटलं ना. हे आमचं नवरा-बायकोचं हाये.